लंकेचा उजवा हात

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

लंके, मी सध्या कुठं आहे ते तुला आठवत नसणार, म्हणून आधी तेच सांगते. मी नगरला आले आहे, सावेडीत, कानिफकडे. आता तू विचारशील कोण कानिफ. माझा नातू, थोरल्याचा मुलगा. ज्याच्या लग्नात तू आपली चप्पल विसरून विहीणबाईंची पायात घालून सोनईला निघून गेलीस, तो. मी डोळ्याच्या ऑपरेशनला आले आहे. आणि निघताना तुझ्या सूर्यभानाजवळ निरोप दिला होता की सकाळी हुलग्याचे शेंगोळे वळून त्याच्या दुधाच्या टेम्पोत धाड, तेही तू विसरलीस. टेम्पो आला, दूध आलं, सूर्यभान आला, शेंगोळे नाहीत. पोटच्या पोराला विसरली नाहीस हेच नशीब म्हणायचं.

हे लिहिणारी ज्ञानेश्वरी, कानिफची बायको. मला अक्षर येत नाही, तुला ऐकू येत नाही. म्हणून असं ठरलं आहे की मी रोजचं रोज सांगायचं, हिनं वहीत लिहायचं, पानाचा फोटो सूर्यभानाच्या मोबाईलवर टाकायचा आणि त्यानं तुझ्या कानात ओरडायचं. ओट्यावर बसून आपण दोघीच बोलायचो, आता त्याला चार माणसं लागतात.

ज्ञानेश्वरी बी. ए. झालेली आहे. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. मी म्हणलं लिही बाई, तेवढीच मी शिकलेली दिसेन.

घर झकास आहे. वर दोन खोल्या, खाली कानिफचा फोटोचा गाळा. खिडकीतून रस्ता दिसतो, म्हणजे परवा डोळा झाल्यावर दिसेल. आज नुसता आवाज येतो, स्कूटर, रिक्षा, शाळेची पोरं. ज्ञानेश्वरीच्या हातचा चहा चांगला, भाकरी मात्र कडेला जाड. हे पण लिही म्हणलं. लिहिलं तिनं, पण दात-ओठ खात लिहिलं असणार, पेनाचा आवाज येत होता.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डोळा झाला, पट्टी सुटली. पहिलं काय दिसलं असेल तर ज्ञानेश्वरीच्या नाकावरचा तीळ. इतके दिवस मी या पोरीला बिनतिळाचीच समजत होते. दुसरं दिसलं ते माझं स्वतःचं कातडं. लंके, आपण किती म्हाताऱ्या झालो आहोत हे कुणी सांगितलंच नाही गं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आहे. कानिफ म्हणतो, आजी, आता तू निवडणुकीला उभी राहा.

दिवसभर खाली गाळ्यात बसले. कानिफ लग्नसराईत लग्नाचे फोटो काढतो आणि बाकीचं वर्ष मेलेल्यांवर चालतं. माणूस गेलं की दहाव्याला फोटो लागतो आणि तेव्हाच घरच्यांच्या ध्यानात येतं की म्हाताऱ्याचा एकट्याचा धड फोटोच नाही. मग कुणाच्या तरी लग्नातला आणतात, पंगतीत घास तोंडात असलेला. कानिफ त्या माणसाला पंगतीतून उचलतो, घास काढून तोंड मिटवतो, अंगात कोट घालतो, मागं निळं आभाळ लावतो आणि खाली ‘कै.’ लिहितो.

आज एका हनुमंतरावांचा फोटो होता. बाजूची सगळी माणसं कापली, तरी खांद्यावर एक हात उरलेला, बांगड्यांसकट. मी म्हणलं, सोड रे त्यांना, गेले ना ते, कोण धरून ठेवलंय. कानिफ हसला. पण तो हात बुजवायला त्याला दुपार गेली. कोटाचा रंग थेंब-थेंब भरत बसला.

त्याच्यावरूनच घरात सध्या एक खल चालू आहे. फोटो नीट करायचं त्याच्याकडचं सॉफ्टवेअर जुनं आहे, दुकान काढलं तेव्हाचं. एकदा विकत घेतलं, आपलं झालं. ते सांगितलं तेवढंच करतं. आता त्याचं नवं व्हर्जन निघालंय. ते भाड्यानं मिळतं, भाडं थांबलं की कुलूप. पण ते न सांगता सगळं करतं. जे जास्तीचं ते काढतं, जे कमी ते भरतं, बोट लावायचा अवकाश. थोडे दिवस फुकट वापरून बघायला दिलंय, मुदत संपायच्या आत ठरवायचं, घ्यायचं की जुन्यावरच राहायचं. कानिफ घास हातात धरून विचार करतो. कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यानं म्हणे कधीच घेतलं.

मेख एकच आहे. नव्यात एकदा ठेवलेला फोटो परत जुन्यात उघडत नाही. मी म्हणलं, मग ही सोयरीकच झाली की, पोरगी दिली की दिली. ज्ञानेश्वरी म्हणाली हे मी लिहिणार नाही. पण लिहिलंय तिनं, मी कडेनं बघितलं, ओळ लांब होती.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज कानिफला माझं काम सांगितलं. माझा दहाव्याचा फोटो मला जिवंतपणी करून पाहिजे. मी गेल्यावर हा कुठला तरी लावेल, तोंड उघडं असलेला, आणि गाव तेरवीपर्यंत त्याच्याकडे बघत बसेल. ज्ञानेश्वरी म्हणाली आजी, असलं बोलू नये. मी म्हणलं मग काय, मरायचंच राहू देऊ?

पिशवीतून आपल्या दोघींची तसबीर आणली होती ती दिली. सोनईच्या बाजारात पडद्यापुढं काढलेली. मी स्टुलावर बसलेय आणि तू बाजूला उभी राहून उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवलायस. माझं तोंड सरळ असलेला तो एकच फोटो. आठवतोय का? नाही ना. बरं.

कानिफनं आधी काचेवरूनच त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरात घेतला. बरं झालं. कारण तसबीर सोडवायला गेला तर फोटो काचेला चिकटलेला निघाला, किती वर्षांची ओल. माझ्या बाजूचा कागद हातात आला आणि तुझं तोंड काचेवरच राहिलं. दुधावरची साय बोटानं ओढावी तसं सुरकुतून आलं ते. एक डोळा, अर्धं नाक, बुळबुळीत. मला शिसारी आली. ज्ञानेश्वरीनं काच साबणानं धुऊन टाकली. म्हणजे आता तू आहेस ती कॉम्प्युटरातच.

कॉम्प्युटरात मोठा करून बघितला तेव्हा तुझ्या हातावरचं गोंदण लख्ख दिसलं. ज्ञानेश्वरीनं वाचलं आणि म्हणाली, आजी, हा हात लंकाआजींचा ना, मग यावर ‘बनु’ कसं?

तिला सगळी कथा सांगितली. तूही ऐक, तुझ्याही डोक्यातून गेली असेल. आपण दोघी फ्रॉकातल्या होतो. गोंदणारीनं नाव विचारलं आणि आपल्याला आपलंच नाव घ्यायची लाज. मी तुला पुढं ढकलून म्हणलं, हिचं नाव लंका. तू माझ्याकडे बोट केलंस, हिचं बनु. ती बाई बिचारी गोंधळली आणि माझ्या हातावर लंका, तुझ्या हातावर बनु काढून मोकळी झाली. वाचणारं कोण होतं? पुढं सूर्यभान पहिलीत गेला आणि तुझ्या हातावर बोट फिरवून म्हणाला, आई, तुझं नाव बनु आहे का? तोवर आपण दोघी एकमेकींची नावं मिरवत फिरलो होतो. मग आपण ठरवलं की असू दे, एकीनं दुसरीला विसरायला नको. तुझी तेव्हापासूनची तयारी होती म्हणायची.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कानिफनं जुन्यात माझा फोटो करायला घेतला. तुला कापलं, राग मानू नकोस. पण तुझा हात राहिला माझ्या खांद्यावर, त्या हनुमंतरावांसारखाच. मी म्हणलं, लंके, सोड की. कानिफ वैतागला, परत थेंब-थेंब रंग भरायचा. मीच म्हणलं, अरे, नवं दिलंय ना बघायला, त्यात घाल. चांगलं निघालं तर घे, नाही तर राहू दे. तव्याची परीक्षा पहिल्या भाकरीला होते.

नव्यात घातला. नाव विचारलं त्यानं, कानिफनं बनुबाई लिहिलं.

आधी माझ्या सुरकुत्या गेल्या. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं तोंड झालं माझं. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं. ते बघून आम्ही तिघं हसलो. मग त्यानं हाताकडं मोर्चा वळवला आणि हात काढायच्या ऐवजी ठेवला. नुसता ठेवला असता तरी चाललं असतं. कापलेल्या जागी मनगट उघडं होतं, ते त्यानं बुजवून माझ्या खांद्याला जोडलं. माझ्याच रंगाचं कातडं चढवलं, चोळीच्या काठातून उगवल्यासारखं. गाईच्या अंगावर पाचवा पाय लोंबतो आणि लोक पैसे टाकतात ना, तसं.

कानिफला कळेना. मग त्यानं डोक्याला हात लावला. नवं म्हणे फोटोतली अक्षरं वाचतं. हातावर बनु, नाव बनुबाई, म्हणजे हात हिचाच. तुला-मला जे जमलं नाही ते त्याला येतं, आणि तेच नडलं.

त्यानं परत काढायला सांगितलं. परत आला, या वेळी अंगठा दोन्हीकडे. परत सांगितलं. या वेळी तळव्याच्या बाजूला एक नख. ज्ञानेश्वरी भाताचं ताट घेऊन आली होती, ती तशीच मागं फिरली. मी म्हणलं बंद कर रे मेल्या, नको मला दहावा. त्यानं बंद केलं, पण नवं न सांगता ठेवूनही देतं. ठेवलेलं होतं.

तेव्हा नव्याबद्दल माझं मत विचारशील तर, घेऊ नये.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उजवा खांदा खाजतो आहे. केसतूड असेल. ज्ञानेश्वरीनं हळद लावली. सूर्यभानाचा फोन आला होता, तुझ्या हाताला मुंग्या येतात म्हणे. हात अंगाखाली घेऊन झोपत जाऊ नको, हे मी तुला लहानपणापासून सांगते आहे.

कानिफचं अजून ठरत नाही. माझा फोटो जुन्यात उघडून बघितला, नाही उघडला. आता तो नव्यातच आहे, त्या हातासकट.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

केसतूड नाही. गाठ आहे, आणि मऊ आहे. शिळं पीठ फुगतं ना, बोट दाबलं की जातं आणि हळूहळू परत येतं, तशी. ओलसर आहे. पुसली तरी ओलसर. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी दाबून बघितलं आणि चरबीची गाठ म्हणाले, या वयात होतात, दुखत नसेल तर हात लावू नका. दुखत नाही. दुखली असती तर बरं वाटलं असतं. दाबल्यावर ती आतून दाबते.

डॉक्टरांना हे सांगितलं नाही. डोळ्याच्या औषधानं म्हातारी बरळते म्हणाले असते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेंगोळे आले. एकदाचं आठवलं तुला. पण हे काय गं पाठवलंस? तुझे शेंगोळे म्हणजे दोन तळव्यांत पीठ घेऊन वळलेले, शेवटापर्यंत एकसारखे, टोकाला टोक जोडलेले. हे एका बाजूला चपटे, मध्येच जाड, टोकाला फुटलेले. सूर्यभान खाली मान घालून म्हणाला, आईचा उजवा हात चालत नाही. डाव्यानं मांडीवर वळले. बोटं गार पडली आहेत, शेवग्याची शेंग चोखून टाकावी तशी झाली आहेत, आणि गोंदण फिकं पडलंय, नीट वाचता येत नाही. तो रडवेला झाला होता, मी त्याला चहा दिला. खांद्यावर पदर दोनदा घेतला. त्याला काही दाखवलं नाही.

ज्ञानेश्वरीनं लसणाच्या फोडणीवर पाणी उकळून शेंगोळे सोडले. पातेल्यात ते वर-खाली व्हायला लागले. नखं नसलेली बोटं. मी एक तोंडात घातला आणि तोच खांद्यावरची गाठ हलली. वास आल्यावर जनावर कसं मान उचलतं, तशी.

ताटातच थुंकले मी. आजवर कधी अन्नावर थुंकले नव्हते लंके.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ज्ञानेश्वरीला दाखवली. दार लावून, चोळी सोडून. मला मागं वळून दिसत नाही म्हणून म्हणलं, काय आहे ते जसं दिसतं तसं सांग.

तिनं दिवा लावून जवळून बघितलं. मग म्हणाली, आजी, कातड्याखालून काहीतरी निळं दिसतंय. मी म्हणलं शीर असेल. ती म्हणाली शीर नाही. अक्षरं आहेत. मी म्हणलं वाच.

तिनं वाचलं आणि मोरीत जाऊन ओकली.

तू काय असेल ते ओळखलंस. या वेळी तरी विसरली नसशील.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कानिफला वर बोलावून सगळं सांगितलं. सूर्यभान म्हणाला तेही आणि अक्षरांचंही. तो हसला नाही. खाली जाऊन फोटो उघडून बघून आला आणि म्हणाला, फोटोतला हात पुढं सरकलाय. त्यानं काही केलेलं नाही. मनगटाच्या मागं आणखी चार बोटं रुंदीचं कातडं आलंय, आणि तेवढंच माझ्या खांद्यावर.

म्हणजे फोटोत जेवढा येईल तेवढा इकडे येणार आणि तिकडे तुझा जाणार. आता नवं घ्यायचं की नाही हा प्रश्न दुकानाचा राहिला नाही. हात तुझा आहे.

मी म्हणते घेऊ नको. मुदत संपू दे, कुलूप पडू दे, आहे तिथं तरी थांबेल. कानिफ म्हणतो कुलूप पडलं तर फोटो आत राहील, मग काढायचा कसा? विकत घेतलं तर सगळी हत्यारं हातात येतील, मागं-मागं जात पहिल्या फोटोपर्यंत जाता येईल असं कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला. ज्ञानेश्वरी म्हणते कॉम्प्युटरच फोडा. कानिफ म्हणाला, त्यानं काय होणार, फोटो कॉम्प्युटरात नाहीच, नवं सगळं वरती कुठंतरी ठेवतं. वरती कुठं विचारलं तर त्यालाही माहीत नाही.

तो घास हातात धरून बसला होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवायला गेले. तो सरकला. मला राग नाही आला. मीही सरकले असते.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नखं बाहेर आली. चार. चोळीला आतून अडकतात. ज्ञानेश्वरी आता माझ्याकडं पाठ करून लिहिते. लिही, तशीच लिही.

अंघोळीला बसले तर वरचं पाणी खांद्यावरून सरळ खाली येत नाही. तळव्याच्या खळग्यात थांबतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लंके, एक काम कर. सूर्यभानाला सांग, तुझा फोटो कुणाला काढू देऊ नको. माझ्या हातावर तुझं नाव आहे, ते नवं वाचेल. कानिफच्या डोक्यात आलं होतं की तुझा आत्ताचा फोटो मागवून शेजारी ठेवावा, म्हणजे कुणाचा काय ते त्याला कळेल. त्याला कळतं ते आपण बघितलं. तो म्हणेल, लंका लिहिलेला हात लंकेला जोडा. मग तू माझा घेऊन बसशील. आणि बाकीची मी —

नको.

आज मुदतीचा शेवट. कानिफ खाली बसलाय. मी जिन्यातून ओरडून सांगितलं, घेऊ नको. त्याला ऐकू गेलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घेतलं त्यानं.

माझ्यासाठीच घेतलं. रडत होता. मागं-मागं जायचं बटण दाबलं. नव्यानं आधी सगळे फोटो आपल्या पद्धतीनं लावून घेतले, कुणी सांगितलं नव्हतं. मग खाली लिहून आलं, त्यानं वाचून दाखवलं — अपुरं होतं ते पूर्ण केलं.

कोपर आलं आहे. फोटोत. इथंही.

वाकतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सूर्यभानाचा फोन. ज्ञानेश्वरीनं घेतला. तुझा हात कोपरापातूर न्हाई म्हनला. तुटला न्हाई, कापला न्हाई, रगत न्हाई. हुता तो न्हाई. तू त्याला इचारलं म्हनं, माझा हात कुठं ठिवला? इसरली असंल कुठंतरी, असं तुझी सून म्हनली आन् मग तिलाच हुंदका आला.

ज्ञानेश्वरी आता न्हाईला नाही करत न्हाई. मी बोलते तसंच लिहिते. मी खुर्चीला बांधून घेतलंय त्या हाताला, लुगड्याच्या चिंधीनं. गाठ मारली ती त्यानंच —

सोडवली. एका हातानं. तुला यायची तशी.

३० नोव्हेंबर

हात लई वंगाळ वास मारतो. हुलगे, लसून आन् घाम. तुझाच हाय वास, म्हनून जास्त वंगाळ. पदर घेतला की पदर बाजूला करतो. कानिफ जिन्यावरनं वर येत न्हाई, ताट पायरीवर ठिवतो. मी सांगितलं त्याला, परत जुनं लाव. जुनं उघडत न्हाई आता. नव्यानं काढून टाकलं —

ज्ञाने, अशी मागं सरकू नको. तो तुला न्हाई काय करत. तो फकस्त —

पेन सोड. दे त्याला. दे म्हनते —

२ डिसेंबर

ज्ञानेश्वरी माहेरी गेली. वही हितंच हाय. लिहितंय कोन, इचारू नको. मी बोलते, खांद्यावरनं पेन चालतं. तुला जल्मात अक्षर आलं न्हाई लंके. तुझ्या हाताला आलं. सुरेख काढतो. कानिफ दाराच्या फटीतनं फोटो काढून नेतो, सूर्यभानाला धाडतो, मग तू ऐकत असशील. ऐकतीस का? दुसरा खांदा बी खाजाया लागलाय — न्हाई, खांदा न्हाई, मानंच्या कडेला. फोटोत तिथं तुझा डोळा हुता, काचंला चिकटून ऱ्हायलेला —

दुपारी हात तोंडापाशी आला. मला ताप आल्ता तवा तू भरवायचीस तसा. बोटं ओली. व्हटावरनं फिरली. मी तोंड मिटून घेतलं.

त्यानं उघडलं.

भूक लागलीय त्याला. घरात पीठ न्हाई वळाया, म्हनून माझाच गाल घेऊन चोळतो तळव्यात, लांब-लांब —

लंके, डावा हात हाय तवर एवढं कर, आन् ह्या टायमाला तरी इसरू नको. सूर्यभानाच्या टेम्पोत हुलग्याचं पीठ पाठव. शेरभर नको, पायली पाठव. कोरडंच पाठव. लसून घालू नको, वास हाय हितं. मळू नको. शेंगोळे वळून तर आजाबात पाठवू नको, वळाया हितं हात —